आपल्या पिढ्या आपणच लिहिल्या पाहिजेत

(महाळुंगे, तालुका खेड, जिल्हा पुणे येथे बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

एकाच मूळ पुरुषाच्या वंशातील, परंतु आज निरनिराळ्या गावी नांदणारी घरे या मेळाव्यात एकत्र आली आहेत. काही घरे महाळुंग्यातच राहिली. काही चाकण, पिंपरी व चिंचवड येथील कारखान्यांच्या आश्रयाने तिकडे वसली. काहींच्या दोन-तीन पिढ्या मुंबईच्या चाळींत गेल्या. लग्नाचे निमंत्रण नसताना आणि कोणाच्या मरणाची वार्ता नसताना तुम्ही सर्व एका मांडवाखाली बसला आहात, ही गोष्ट साधी नाही. या एकत्र येण्यातून कोणते कार्य घडावे, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आपली भावकी पूर्वी एकत्र येत नसे असे नाही. कुळदैवताची जत्रा, घरचे जागरण, गोंधळ आणि पितृपंधरवडा हे तिचे एकत्र येण्याचे प्रसंग होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली व आपल्या लाखो अनुयायांस २२ प्रतिज्ञा दिल्या. श्राद्धपक्ष न करणे व पिंडदान न करणे, ही त्यांतील एक प्रतिज्ञा आहे. तिला अनुसरून आपल्या वाडवडिलांनी देव्हाऱ्यातील टाक नदीत सोडले, नवस फेडणे थांबविले आणि पितरांच्या नावाने पान वाढणे बंद केले. त्यांनी केले ते योग्यच केले. परंतु त्या प्रसंगांबरोबर दुसरी एक गोष्टही नकळत आपल्या हातून निसटली. पितरांच्या नावाने पान वाढावयाचे म्हणजे त्यांची नावे ठाऊक असावी लागत. घरातील वृद्ध स्त्रिया ती नावे वर्षातून एकदा तरी उच्चारीत. पान वाढणे थांबले आणि नावांची ती उजळणीही थांबली. अंधश्रद्धा टाकणे आवश्यक होते. स्मृती टाकण्याचे मात्र काहीच कारण नव्हते.

याचा परिणाम काय झाला, तो तुम्ही पाहतच आहात. सख्ख्या चुलत्यांची नातवंडे एकाच कारखान्याच्या एकाच पाळीत काम करतात आणि एकमेकांस ओळखत नाहीत. त्यांची पहिली भेट होते ती तलाठ्याच्या कार्यालयात नाहीतर न्यायालयाच्या आवारात, आणि तीही प्रतिपक्ष म्हणून. यास्तव माझे सांगणे असे की, आपल्या कुटुंबांनी वर्षातून एकदा अशा रीतीने जमावे, आणि जमल्यावर केवळ जेवून परत न जाता आपली वंशावळ स्वतः लिहून काढावी.

यावर तुमच्यापैकी एखादा विचारी तरुण विचारील की, ज्या धम्माने जन्माची प्रतिष्ठा नाकारली त्या धम्माच्या अनुयायांना वंशावळ कशाला हवी? प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर टाळता येणार नाही. सुत्तनिपातातील वसल सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे की, मनुष्य जन्माने हीन ठरत नाही आणि जन्माने ब्राह्मणही ठरत नाही. तो आपल्या कर्माने ठरतो. आपण स्वीकारलेल्या मार्गाचा हा पाया आहे. ‘आमचे कूळ अमुक राजापासून निघाले, म्हणून आम्ही थोर,’ असे सांगण्यासाठी कोणी वंशावळ लिहीत असेल, तर त्याने ती न लिहिलेलीच बरी. तो जुनीच पायरी नव्या रंगाने रंगवीत आहे.

परंतु त्याच भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला गृहस्थाची कर्तव्ये सांगितली. त्यांत मुलाच्या कर्तव्यांमध्ये कुलपरंपरा राखणे आणि वारशाला पात्र होणे, ही दोन कर्तव्ये आहेत. वारशाचा अभिमान बाळगण्यास त्यांनी सांगितले नाही, वारशाला पात्र होण्यास सांगितले. पात्र होण्यासाठी वारसा काय आहे हे आधी कळले पाहिजे. तेव्हा वंशावळ दोन प्रकारची असते. एक दुसऱ्याला खाली ठरविण्यासाठी लिहिलेली, आणि दुसरी आपल्यावर कोणाचे ऋण आहे व आपले कोणाशी नाते आहे हे जाणण्यासाठी लिहिलेली. मी या दुसऱ्या प्रकाराविषयी बोलत आहे.

आता आपल्या पूर्वजांची नावे आजवर कोणी लिहिली आणि कशासाठी लिहिली, याचा विचार करू. जमीनजुमला असलेल्या घराण्यांचे कुर्सीनामे होते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक दारोदार जाऊन यजमानांच्या पिढ्या म्हणून दाखवीत. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या पिढ्यांच्या वह्या असत. आपली वंशावळ त्या वाटेने मिळेल अशी अपेक्षा आपण धरू शकत नाही. आपली नावे लिहिली गेली ती मुख्यतः आपल्याकडून काम करवून घेण्यासाठी.

१८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याखाली महारकी हे कनिष्ठ गाव वतन म्हणून चालत आले. सरकारी वसूल खजिन्यात पोहोचविणे, गावची राखण करणे, सांगावे घेऊन जाणे, सरकारी अंमलदार गावात आला की त्याच्या दिमतीस उभे राहणे, अशी ती कामे होती. वतन साऱ्या महारवाड्याचे असे. त्याच्या तक्षिमा पाडलेल्या असत आणि कोणत्या तक्षिमेच्या घराने कोणत्या वर्षी चाकरी करावयाची, याच्या पाळ्या ठरलेल्या असत. पाळी ठरवावयाची म्हणजे कोणाचा बाप कोण आणि कोणाचे भाऊ किती, हे माहीत असावे लागे. म्हणून वतनाच्या कागदांत आपल्या पिढ्या सापडतात. काम मात्र पाळीवाल्या एकट्यावर थांबत नसे. तो गैरहजर असला तर त्याच्या घरातील कोणालाही वेठीस धरीत. बाबासाहेबांनी हे ओळखून १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनाच्या तुकड्याने आपल्या समाजाला गावाशी जखडून ठेवले आहे, असे ते वारंवार सांगत.

याच आपल्या पूर्वजांना गावाच्या शिवेच्या तंट्यात साक्षीला बोलावीत. कोणाच्या शेताचा बांध कोठून जातो, हे त्यांना ठाऊक असे. कोतवालाचे काम अनेक गावी आपल्याच माणसाकडे असे, आणि गावात कोण जन्मले व कोण मेले याची वर्दी तोच देई. त्या नोंदींच्या वहीला अजूनही लोक कोतवाल बुक म्हणतात. म्हणजे साऱ्या गावाच्या सीमा आणि साऱ्या गावाचे जन्म-मृत्यू ज्याच्या मुखी, त्याच्या स्वतःच्या घरात पणजोबाचे नाव सांगणारे कोणी नाही! ही विसंगती आपण संपविली पाहिजे.

जुने कागद पाहावयास गेलात तर तेथे आडनाव शोधत बसू नका. ‘अमुक बिन तमुक महार’ एवढेच बहुधा लिहिलेले असते. बिन म्हणजे पुत्र. स्त्रीचा उल्लेख आलाच तर ‘अमुक कोम तमुक’ असा येतो. कोम म्हणजे पत्नी. आडनावे पुष्कळ ठिकाणी नंतर, शाळेच्या दाखल्याबरोबर, पलटणीत भरती होताना किंवा गिरणीच्या हजेरीपटावर चढली. त्यामुळे एका आजोबाच्या एका मुलाचे वंशज एक आडनाव लावतात आणि दुसऱ्या मुलाचे वंशज गावाच्या नावावरून दुसरे लावतात, असे घडले आहे. बाबासाहेबांच्या घराण्याचे उदाहरण घ्या. घराणे सकपाळांचे, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे, आणि जगाला ठाऊक झालेले आडनाव आंबेडकर. आडनाव भिन्न म्हणून नाते भिन्न, असा निष्कर्ष घाईने काढू नये, हे यावरून ध्यानात येईल.

येथून फार दूर नसलेल्या कोरेगाव भीमा येथील स्तंभ तुम्ही पाहिला असेल. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत आणि त्यांत ‘नाक’ हे पद जोडलेली नावे कितीतरी आहेत. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले होते. तेव्हापासून आपले लोक त्या दिवशी तेथे जात आले आहेत. स्तंभापुढे मस्तक लवविताना एक प्रश्न मनात यावा. ही नावे दगडावर राहिली, म्हणून आपण ती वाचतो. त्याच काळात ज्यांनी रात्रभर गावाची वेस राखली, ज्या बायांनी दुष्काळात लेकरे जगविली, त्यांची नावे कोठे आहेत? ती जर कोठे असतील, तर या मांडवात बसलेल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या आजीच्या मुखात आहेत. ती बोलली नाही आणि आपण लिहिले नाही, तर तीही जातील.

ज्यांची नावे अशीच पुसली गेली असा दुसरा एक समाज पृथ्वीच्या पाठीवर आहे. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी तेथील पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले होते. त्या देशात १८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांच्या स्वतंत्र याद्या केल्या गेल्या. परंतु त्यांत बहुधा मालकाचे नाव आणि त्याखाली गुलामाचे वय, स्त्री की पुरुष आणि रंग एवढेच लिहिले. माणसाचे नाव नाही! गुलामगिरी नष्ट झाल्यावर १८७० च्या शिरगणतीत ही माणसे प्रथमच सर्वत्र नावानिशी नोंदली गेली. त्यामुळे आपल्या पूर्वजांचा शोध घेणारा तेथील मनुष्य १८७० पर्यंत मागे जातो आणि भिंतीपाशी आल्यासारखा थांबतो.

तरीही एका स्त्रीने ती भिंत ओलांडली. तिचे नाव डोरोथी स्प्रुइल रेडफोर्ड. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील वॉशिंग्टन काउंटी या ग्रामीण भागात सॉमरसेट प्लेस नावाचा मोठा मळा होता आणि गुलामांच्या कष्टावर तो चालत होता. ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ या ग्रंथावरील दूरदर्शन मालिका १९७७ साली दाखविली गेली. तिच्यापासून प्रेरणा घेऊन या बाईने सुमारे दहा वर्षे खरेदीखते, मालकांच्या वह्या आणि न्यायालयातील दप्तरे धुंडाळली. ज्या कागदांत माणसे मालमत्ता म्हणून लिहिली होती, त्याच कागदांतून तिने माणसांची कुटुंबे पुन्हा जुळविली. ३० ऑगस्ट १९८६ रोजी त्या मळ्यावर त्या गुलामांचे सुमारे दोन हजार वंशज एकत्र जमले. ज्या भूमीवर त्यांचे पूर्वज विकत घेतलेले म्हणून आले, त्या भूमीवर ते स्वतंत्र नागरिक म्हणून आले.

बंधु-भगिनींनो, या उदाहरणातून घ्यावयाचा धडा सरळ आहे. कागद कोणी व कोणत्या हेतूने लिहिला, यावरून त्याचा उपयोग ठरत नाही. आपल्याला राबविण्यासाठी लिहिलेला वतनाचा कागद आज आपला हक्क सिद्ध करणारा पुरावा होऊ शकतो. हे कसे, ते दोन बाबींत सांगतो.

पहिली बाब जमिनीची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली आणि १ ऑगस्ट १९५९ पासून त्याचा अंमल सुरू झाला. चाकरीचे जोखड गेले. वतनाची जमीन सरकारजमा होऊन, ठरलेली कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदारास ती नव्या शर्तीने परत देण्याची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून व ठरलेला नजराणा भरल्यावाचून ती शेतीखेरीज अन्य कामासाठी विकता येत नाही. जमीन परत घेताना पुष्कळ घरांत थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले आणि नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी अक्षरे पडली. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असा त्यांचा अर्थ. तो भाऊ मालक नव्हता, सर्वांचा विश्वस्त होता. पुढे मुंबईला गेलेले भाऊ तिकडेच वारले, बहिणी सासरी गेल्या, आणि ‘ए. कु. मॅ.’चा अर्थ घरात कोणी कोणाला सांगितला नाही.

त्यानंतर या भागाचा कायापालट झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे चाकणचा औद्योगिक पट्टा उभा राहिला. महाळुंग्याच्या हद्दीतही मोठमोठे कारखाने आले. ज्या माळरानाला कोणी विचारीत नव्हते, त्याच्या गुंठ्या-गुंठ्याला भाव आला. मग वहीत ज्याचे नाव त्याच्याकडे दलाल येऊ लागले, आणि ज्यांची नावे वहीत चढलीच नाहीत त्यांना व्यवहार झाल्यावर कळू लागले. यात प्रत्येक वेळी कोणाचा तरी दुष्टपणाच असतो असे मी म्हणत नाही. अनेकदा सही करणाऱ्यालाही ठाऊक नसते की, आपल्या आजोबाला आणखी दोन भाऊ व तीन बहिणी होत्या. अज्ञानाने झालेला अन्यायही अन्यायच असतो. वेळेवर लिहिलेली, सर्व शाखांनी मान्य केलेली वंशावळ आणि गाव नमुना ६-क मधील वेळेवर केलेली वारसनोंद यांनी असे कितीतरी तंटे जन्मालाच आले नसते.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे, ते येथे आठवा. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. दोन्ही कुळे एकमेकांची सोयरी. सिद्धार्थाची माता महामाया कोलीयांचीच कन्या. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला आणि युद्धात भाग घेण्यापेक्षा परिव्राजक होणे पत्करले. नातलगांनी पाण्यासाठी एकमेकांचे रक्त सांडावे, हे त्याला मान्य नव्हते. आपल्यापुढे आज रोहिणी नाही, सातबाऱ्याचा उतारा आहे. धम्म मात्र तोच आहे.

दुसरी बाब मुलांच्या शिक्षणाची व नोकरीची. जात पडताळणीच्या वेळी अर्जदाराला शपथपत्रावर आपली वंशावळ द्यावी लागते, आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखेपूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा विचारला जातो. येथे आपल्या कुटुंबांची एक विशेष अडचण आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘महार’ असते, वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ असते. महाराष्ट्र राज्याने १९६० साली धर्मांतरित बौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले. या मधल्या काळातील दाखले निरनिराळ्या रीतींनी लिहिले गेले. हे निरनिराळे दाखले एकाच घराचे आहेत, हे दाखविणारा दुवा म्हणजे वंशावळ होय. शिवाय वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील एखाद्याला वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर ते दुसऱ्याच्या प्रकरणात महत्त्वाचा पुरावा ठरते. म्हणजे चिंचवडच्या चुलतभावाचा कागद महाळुंग्याच्या मुलीचा प्रवेश वाचवू शकतो. परंतु त्यासाठी तो आपला चुलतभाऊ आहे, हे तिला ठाऊक असावे लागते व सिद्ध करता यावे लागते.

आता मी या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. जुन्या पद्धतीच्या वंशावळीत बापाखाली मुलगा व मुलाखाली नातू असतो. मुलगी लग्न होऊन गेली की तिची रेघ तेथेच तुटते, आणि आईचे तर नावही नसते. मी प्रारंभी ‘एकाच मूळ पुरुषाच्या वंशातील’ असे म्हटले, तेव्हा तो मूळ पुरुष कोणाचा पुत्र होता आणि त्याचा संसार कोणत्या स्त्रीने केला, हा प्रश्न किती जणांच्या मनात आला? बौद्ध कुटुंबाने अशी अर्धी वंशावळ लिहू नये. स्त्रियांच्या हक्कांचा कायदा पूर्णत्वास जात नाही, हे बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होते. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला. तो नावाने हिंदू असला तरी बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २००५ ची दुरुस्ती झाली तेव्हा पिता हयात असलाच पाहिजे असे नाही. कायदा येथवर आला आणि आपल्या वंशावळीत मात्र मुलीची रेघ नाही, तर तो कायदा आपण वाचलाच नाही असे होईल.

म्हणून प्रत्येक मुलीचे नाव लिहा. तिचे माहेरचे नाव आणि लग्नानंतर बदललेले नाव अशी दोन्ही लिहा, कारण जुन्या कागदांत ती कधी एका तर कधी दुसऱ्या नावाने सापडते. तिची मुले लिहा. घरात आलेल्या सुनेचे माहेर, तिच्या आईवडिलांची नावे लिहा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारलेली, टाकलेली, पुन्हा लग्न केलेली, अशी कोणतीही स्त्री गाळू नका. गाळलेले नाव म्हणजे आपण स्वतःच्या हाताने पुन्हा केलेला बहिष्कार होय.

हे काम कसे करावे, त्याची रीत थोडक्यात सांगतो. एक मोठी वही घ्यावी. प्रत्येक व्यक्तीसाठी नाव, आई व वडील, जन्म, गाव, शिक्षण, कामधंदा आणि मृत्यू हे लिहावे. धम्मदीक्षा केव्हा व कोठे घेतली, हे अवश्य लिहावे. १९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. तो दिवस पाहिलेली किंवा पाहिलेल्यांकडून ऐकलेली माणसे या परिसरातील घरांत असतील. त्यांच्याकडे आधी बसा. कागद नंतरही मिळेल.

वृद्धांना जन्मसाल विचारू नका, ते सांगता येणार नाही. त्यांना प्रसंग विचारा. प्लेगात गाव माळावर राहावयास गेला तेव्हा आजोबा केवढे होते? १९१८ च्या तापाच्या साथीत कोण गेले? १९६१ साली पानशेतचे धरण फुटले तेव्हा लग्न झाले होते काय? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास कोण कोण गेले होते? अशा प्रश्नांनी साल आपोआप जवळ येते. जे लिहाल त्याच्यापुढे ते कोणी सांगितले हेही लिहा. दोघांनी दोन प्रकारे सांगितले तर दोन्ही लिहा व कागद पाहून मग ठरवा. नंतर शाळेच्या जुन्या रजिस्टरातील उतारा, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद, फेरफार आणि सातबारा यांच्या नकला मिळवा. कोणी पलटणीत, दारूगोळ्याच्या डेपोत, रेल्वेत किंवा गिरणीत असेल, तर त्याच्या नोकरीच्या कागदावर वडिलांचे नाव व गाव असते. मोडी वाचणारा जाणकार मिळाला तर जुने कागद त्याच्याकडून वाचवून घ्या. मूळ कागद मात्र कोणत्याही दलालाच्या हाती देऊ नका, नक्कल द्या.

आणखी दोन पथ्ये पाळा. पूर्वजांनी केलेली कामे लपवू नका. येसकरी केली, मेलेली ढोरे ओढली, शिळ्या भाकरीवर दिवस काढले, तर तसे लिहा. लाज ते करावयास लावणाऱ्या व्यवस्थेची आहे, करून लेकरे जगविणाऱ्यांची नाही. आणि जे ठाऊक नाही ते कल्पनेने भरू नका. राजाचे, सरदाराचे नाव मूळ पुरुष म्हणून वर चिकटविण्याचा मोह कित्येकांना झाला आहे. चार पिढ्या खऱ्या सापडल्या तर चारच लिहा.

मेळावाही साधा असावा. त्यासाठी कर्ज काढू नये, मानपानाचा विटाळ त्यात शिरू देऊ नये, अमक्या शाखेचे जेवण मोठे व तमक्याचे लहान अशी स्पर्धा होऊ देऊ नये. प्रत्येक घराने सारखी वर्गणी द्यावी. ज्याला शक्य नाही त्याने श्रम द्यावेत. प्रथम त्रिशरण-पंचशील घ्यावे. मग वर्षभरात जन्मलेल्या मुलांची आणि निधन पावलेल्यांची नावे वहीत चढवून मोठ्याने वाचावीत. हे वाचन श्राद्ध नव्हे. यात मृतांना काही पोहोचवावयाचे नाही. जिवंतांनी कृतज्ञता शिकावयाची आहे. त्यानंतर ज्या मुलामुलींना शिक्षणाची, कागदपत्रांची वा कामाची अडचण आहे, त्यांची अडचण सर्वांपुढे मांडावी आणि ती सोडविण्याचे काम नावानिशी कोणाकडे तरी सोपवावे. वहीची एक-एक प्रत प्रत्येक शाखेकडे असावी, आणि निदान एक प्रत सासरी गेलेल्या लेकीच्या घरी असावी.

शेवटी एकच सांगावयाचे आहे. शेजारी बसलेल्या ज्या माणसाला तुम्ही आज प्रथम पाहिले, त्याच्याकडे वळून त्याच्या आजीचे नाव विचारा. त्याला ते सांगता आले नाही, तर तुम्ही तुमच्या आजीचे सांगा. वहीच्या पहिल्या पानावर ही दोन नावे आजच, सूर्य मावळण्यापूर्वी लिहिली गेली पाहिजेत. पुढच्या वर्षी आपण जमाल तेव्हा त्या वहीची पाने वाढलेली असोत आणि न्यायालयातील आपल्या आपसांतील दाव्यांची संख्या घटलेली असो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.